अरण्याची आवक-जावक

ज्या मुलखात अरण्य नाही त्या मुलखात अरण्यरसिक फार निपजतात, असा माझा बदनापुरात राहून पक्का झालेला सिद्धांत आहे. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचे हे आमचे तालुक्याचे ठिकाण. सभोवार काळीभोर जमीन, तीत कापूस, मोसंबीच्या बागा आणि येथील कृषी संशोधन केंद्राने जिचे ‘बीडीएन’ वाण शेतकऱ्यांच्या तोंडी रुजवले ती तूर. परंतु ज्याला वन म्हणावे असे काही पाहण्याची इच्छा अनावर झालीच, तर एखाद्या कचेरीपुढच्या कडुनिंबाखाली उभे राहून वर पाहावे आणि समाधान मानून घरी यावे, अशी एकूण परिस्थिती!

नाना मात्र कडुनिंबावर समाधान मानणाऱ्यांपैकी नव्हेत. असे नाना प्रत्येक तालुक्याच्या गावी एखादे तरी असतातच. पस्तीस वर्षे महसूल खात्यात झिजून अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, चष्म्याची दोरी मानेभोवती आणि दप्तराची दोरी मनाभोवती कायमची आवळलेला हा गृहस्थ, ‘आता उरलेले आयुष्य निसर्गाच्या सान्निध्यात’ अशी घोषणा करतो, आणि ते सान्निध्य साध्य करण्याच्या दृष्टीने पहिले पाऊल म्हणून बाजारातून एक कोरी वही विकत आणतो.

भाद्रपदात पावसाने उघडीप दिली, की आमची मंडळी नानांच्या नेतृत्वाखाली गौताळ्याला निघतात. गौताळा औट्रमघाट अभयारण्य आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर, कन्नडच्या पलीकडे, अजिंठ्याच्या डोंगररांगेत आहे. १९८६ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटर क्षेत्रावर, छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत मिळून पसरलेले आहे, आणि ही दुसरी गोष्ट नानांना तेथील धबधब्यांहूनही रमणीय वाटते. कारण जेथे दोन जिल्हे, तेथे हद्द, आणि जेथे हद्द, तेथे केव्हा ना केव्हा हद्दीचा तंटा उपस्थित होण्याची गोड शक्यता.

सरंजामाची फर्द आठ दिवस आधी तयार होते. तीत धपाटे, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, सतरंज्या, सुई-दोरा आणि ‘संकीर्ण’ या सदराखाली एक छत्री असे त्रेचाळीस जिन्नस असतात. त्यांतला पहिला जिन्नस तंबू. हा तंबू गेली तीन वर्षे आमच्याबरोबर गौताळ्याला जातो आणि घडी न मोडता परत येतो. कारण जंगलाच्या हद्दीत रात्रीचा मुक्काम करावयाचा तर लेखी परवानगी हवी, परवानगी हवी तर अर्ज हवा, आणि त्या अर्जाचा मसुदा, नानांच्याच शब्दांत सांगायचे तर, ‘अद्याप निर्दोष झालेला नाही’. तोवर तंबूला वाळवी लागू नये म्हणून तो दर दिवाळीपूर्वी घराच्या गच्चीवर उभारण्यात येतो, आणि त्यात नातवंडे दोन दिवस वनवास भोगतात.

वाटेत नाना आम्हांला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ समजावून देतात. अभयारण्यातून काडी उचलायची नाही, पान तोडायचे नाही, हे त्यांचे निरूपण इतके प्रभावी असते, की गाडीतून उतरताना आमच्यापैकी काही जण चपलेला चिकटलेल्या मातीकडेही संशयाने पाहू लागतात. प्रवेशशुल्काची पावती मिळताच नाना तिच्यावरची तारीख, रक्कम आणि सही यांची रुजुवात घेतात. झाडे दिसू लागतात ती त्यानंतर.

गेल्या वर्षी आमच्याबरोबर एक तरुण वनरक्षक होता. तो फारसे बोलत नव्हता, आणि जंगलात शांतता पाळावी या विषयावर नाना सलग बोलत असल्यामुळे त्याला तशी संधीही नव्हती. एका वळणावर तो थबकला. पायवाटेच्या कडेला एक वारूळ अर्धे फोडलेले होते. तांबड्या मातीचे ओले ढेकूळ बाहेर फेकलेले, मध्ये हातभर खोल भोक, आणि भोकाच्या काठावर बोटभर अंतराने ओढलेले समांतर ओरखडे.

“अस्वलानं रातीच उकरलंय, साहेब,” तो हलक्या आवाजात म्हणाला.

आम्ही सारे स्तब्ध झालो. नानांनी वाकून ते वारूळ चारी बाजूंनी न्याहाळले, वही उघडली आणि तितक्याच हलक्या आवाजात विचारले, “पंचनामा झाला का?”

पुढे ओढ्याकाठी चोवीस मोसंब्या खाल्ल्या गेल्या आणि नानांनी सालींची मोजदाद करविली. तेवीस मोसंब्यांची साले भरली. चोविसाव्या मोसंबीच्या सालीसाठी पाऊण तास करवंदीची जाळी धुंडाळल्यावर ती नानांच्याच सदऱ्याच्या खिशात सापडली, आणि ‘शिल्लक निरंक’ असा शेरा मारून प्रकरण निकालात निघाले. गौतम ऋषींनी येथे तपश्चर्या केली म्हणून या स्थळाचे नाव गौताळा, अशी कथा आमच्यापैकी कोणी तरी सांगितली, तेव्हा नाना किंचित विचारात पडले. ऋषींच्या मुक्कामाचा कागद कोणत्या दप्तरी असेल, हाच विचार असावा.

सूर्यास्तापूर्वी बाहेर पडायचे होते. आम्ही गाडीपाशी पोहोचलो, तरी नाना मागेच. पाहतो तो एका अंजनाच्या झाडाखाली, वही काखेत, चष्मा कपाळावर, असे ते एकटेच उभे. उतरत्या उन्हात ती जोडपाने लुकलुकत होती. दोन मिनिटे त्या अखंड वक्त्याच्या मुखातून अवाक्षर निघाले नाही.

परवा नानांनी मोठ्या अभिमानाने मला त्या सहलीचा बस्ता दाखविला. पावत्या, सरंजामाची फर्द, सालींचा ताळेबंद, वारुळाचा स्वहस्ते केलेला पंचनामा, सारे क्रमांक घालून ओवलेले. शेवटचा कागद उलटला, तो त्यामागून एक वाळलेले पान घरंगळले. आपट्याची आठवण करून देणारे, देठाशी जुळलेल्या दोन दलांचे, अंजनाचे.

“नाना, हे कोणत्या क्रमांकाला?”

ते लहान मुलासारखे गोरेमोरे झाले. पान उचलून त्यांनी पुन्हा कागदामागे सारले, बस्त्याची दोरी घाईघाईने आवळली आणि, “ते दाखल करायचं राहूनच गेलं बघा,” असे म्हणाले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत जी चूक त्यांच्या हातून कधी घडली नव्हती, ती दुरुस्त करण्याचा विचार मात्र त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही दिसला नाही.