तू लाइट बघ

हौशी नाट्यसंस्थेत प्रकाशयोजनाकार कोणी ठरवून होत नाही. नाटकाच्या पहिल्या वाचनाला 15 जण जमतात आणि नाटकात पात्रं असतात 9. त्यातली 3 बायकांची, ती सेक्रेटरींच्या घरातच वाटली जातात. उरलेल्या 6 भूमिकांसाठी 12 पुरुष घसे खाकरतात. वाटप आटोपतं, चहा येतो, आणि मग दिग्दर्शकाचं लक्ष कोपऱ्यातल्या एका उंच, किडकिडीत पोराकडे जातं. या पोराला एव्हाना सगळ्यांचे संवाद पाठ असतात. पण तोंड उघडलं की आवाज नेमका 'महाराज' या शब्दावर चिरकतो. दिग्दर्शक त्याच्या चेहऱ्याकडे बघतो, मग उंचीकडे बघतो आणि म्हणतो, "असं कर, तू लाइट बघ."

झाली नेमणूक. लागणारी पात्रता दोनच गोष्टींची : स्टुलावर उभं राहिलं की हात छताला पोचला पाहिजे आणि घरचा फ्यूज एकदा तरी न सांगता बदललेला पाहिजे.

त्या दिवसापासून बिचाऱ्याचं नाव जातं. "लाइट, जरा इकडे ये", "लाइटचा चहा राहिला का?" अशा हाका सुरू होतात. ते तो फारसं मनावर घेत नाही. मनावर घेतो ते काम. चार दिवसांत कुठूनतरी एक पुस्तक मिळवतो, पंधरा दिवसांत खिशात टेस्टर बाळगू लागतो, आणि महिन्याभरात तालमीच्या वेळी मान तिरकी करून, डोळे बारीक करून नटांकडे बघायला लागतो. नटांना वाटतं, याला आपला अभिनय आवडत नाही. खरं तर त्याने तो ऐकलेलाच नसतो. नाकाची सावली ओठावर पडते की गालावर, एवढंच त्याला बघायचं असतं.

पहिला प्रयोग बहुधा गणेशोत्सवात, सोसायटीच्या मांडवात. सामग्री काय, तर मांडववाल्याचे हॅलोजन. दिव्याला रंग देणाऱ्या जिलेटीनला पैसे नाहीत म्हणून स्टेशनरीच्या दुकानातला पतंगाचा कागद. हॅलोजनची आच किती असते याचा अंदाज त्याला पहिल्या अंकाच्या मध्यावर येतो, जेव्हा खमंग वास सुटतो आणि पुढच्या रांगेतल्या आजी "वडे तळायला घेतले वाटतं" म्हणून मागे वळून बघतात.

वॉट-अँपियरचं गणितही तो इथेच शिकतो. शाळेत त्या गणिताने त्याला दोनदा नापास केलेलं असतं. 1000 वॉटचा एक दिवा 230 व्होल्टवर चार अँपियरपेक्षा थोडी जास्त वीज ओढतो, म्हणजे 15 अँपियरच्या एका प्लगवर असे तीनच दिवे चालायचे. चौथा लावला तर काय होतं, हे पुस्तकात एका ओळीत असतं. मांडवात ते जास्त सविस्तर कळतं. रंगमंच तर अंधारतोच, शिवाय गणपतीसमोरची माळ, माइक, कॉफीचं यंत्र आणि अध्यक्षांच्या खुर्चीजवळचा पंखा, सगळं एका दमात जातं. गंमत म्हणजे त्या अंधारालाच त्या रात्रीची सगळ्यात मोठी टाळी पडते. प्रेक्षकांना वाटतं, अंक संपला.

पण त्याचं खरं भांडण विजेशी नसतंच, नटांच्या नातेवाइकांशी असतं. पुस्तक वाचून त्याला एव्हाना अंधाराचं महत्त्व पटलेलं असतं. सगळं दाखवण्यापेक्षा थोडं झाकावं, एका बाजूने उजेड टाकावा, अर्धा चेहरा अंधारात ठेवावा. इकडे प्रेक्षकांत बसलेले सेक्रेटरीकाका मुलीला बघायला आलेले. प्रयोग संपताच ते विंगेत येतात.

"काय रे, आमची पिंकी बोलताना ऐकू आली, पण दिसली कुठे?"

"काका, तिच्या मनात द्वंद्व आहे ना, म्हणून अर्धीच दाखवली."

"वर्गणी पूर्ण घेतलीस ना? मग मुलगीही पूर्ण दाखव."

याला उत्तर नाही. पुढच्या प्रयोगात तो सगळे दिवे पूर्ण पेटवतो, पिंकी कानातल्यासकट लख्ख दिसते, सगळे खूष होतात आणि तो रात्रभर तळमळतो. माझं मत विचाराल तर काकांचं अगदीच चुकत नाही. हौशी प्रकाशयोजनाकाराला पहिली दोन वर्षं अंधाराचा नाद भारी असतो. नट दिसत नसेल तर ऐकूही कमी येतो, हे कळायला त्याला वेळ लागतो.

रंगांचंही तसंच. या काळात त्याचा शब्दकोश चार पानांचा असतो. निळा म्हणजे रात्र, लाल म्हणजे खून, हिरवा म्हणजे भूत आणि पिवळट म्हणजे पूर्वी घडलेलं. रात्री पूर्वी घडलेला खून आला की त्याची जी त्रेधा उडते, ती बघण्यासारखी असते.

मग येते राज्य नाट्य स्पर्धा आणि तिच्याबरोबर खरं थिएटर. नेपथ्यवाले सकाळपासून ठोकाठोकी करत बसतात आणि लाइटला उरतो शेवटचा अर्धा तास, त्यातही नटराजपूजनाचा नारळ. तिथेच त्याला भेटतात थिएटरचे मामा. प्रत्येक नाट्यगृहात एक मामा असतात. डिमर बोर्डाशेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी दोन पिढ्यांचे दिग्दर्शक पाहिलेले असतात आणि एकाही नाटकाचा शेवट पाहिलेला नसतो. पोरगा त्यांच्यापुढे 84 क्यूंचा, म्हणजे प्रकाशबदलांचा, कागद ठेवतो. मामा तंबाखू मळत तो वाचतात.

"हे काय, 'पहाट हळूहळू मनात उजाडते'? कुठल्या चॅनेलवर?"

"मामा, सात आणि आठ."

"आठ बंद आहे. सातवर उजाडव."

हेच मामा नंतर त्याला शिडीवर चढवतात आणि शाळेत न शिकवलेलं शिकवतात. दिवा बदलायच्या आधी मेन खाली. दिवा किती का हलका असेना, बारला साखळीने बांधायचा. खाली माणूस उभा असतो. आणि हॅलोजनचा बल्ब उघड्या बोटांनी धरायचा नाही. बोटाचा तेलकट डाग काचेवर राहिला की पेटल्यावर तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब फुटतो. म्हणून मामा खिशातला रुमाल काढतात, झटकतात, त्यात बल्ब गुंडाळून खोबणीत अलगद बसवतात, मग रुमालाने काच पुसतात आणि तोच रुमाल मानेचा घाम पुसायला वापरतात. पोरगा तेव्हापासून दोन रुमाल बाळगतो.

लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात 1881 साली विजेचे दिवे आले, तेव्हा मालक डॉइली कार्ट यांनी रंगमंचावर येऊन पेटता बल्ब फोडून दाखवला होता, वीज सुरक्षित आहे हे लोकांना पटावं म्हणून. आमच्याकडे मालकांना एवढे कष्ट पडत नाहीत. बल्ब आपणहून फुटतो, तोही नायिकेच्या स्वगतात.

प्रयोगानंतर टपरीवर प्रकाशयोजनाकार तापस सेन यांचं नाव निघाल्याशिवाय याचा चहा संपत नाही. 1959 साली कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरात उत्पल दत्तांनी 'अंगार' केलं. त्यात कोळशाच्या खाणीत पाणी शिरतं आणि मजूर बुडतात, हे तापसदांनी नुसत्या प्रकाशातून उभं केलं. पाण्याचा थेंब नाही आणि प्रेक्षक खुर्चीत पाय वर घेऊन बसलेले! पाय वर घेतल्याचा तपशील याने स्वतःच घातलेला आहे, पण सांगताना त्याचे डोळे असे चमकतात की हटकवत नाही. अडचण एवढीच, की दिग्दर्शकही तिथेच चहा पीत असतो. दुसऱ्या दिवशी तो म्हणतो, "आपल्याही नाटकात पूर दाखवू या." हाताशी असतात पार कॅनचे दोन दिवे, त्यातला एक थिएटरात पोचल्यावर बंद निघणार असतो. तरी पोरगा घरातून वनस्पती तुपाचा रिकामा डबा, परातीत पाणी आणि आरशाचा तुकडा आणतो, पाणी बोटाने हलवत विंगेत पूर्ण प्रवेश उकिडवा बसतो. पडद्यावर पाणी हलतं, खरोखर हलतं. पाय मात्र कोणी वर घेत नाही. एवढ्यावरही तो महिनाभर खूष असतो.

घरी त्याची अडचण वेगळी. लग्न ठरवायला गेला तर पोह्यांच्या आधी ट्यूबलाइट बंद करून खिडकी उघडतो आणि मुलीला "जरा डावीकडे सरकता का?" विचारतो. मुलगी शहाणी असेल तर म्हणते, "तुम्हीच सरका." असे संसार टिकतात.

आता एलईडी आले. एकाच वायरीतून डीएमएक्स या नियंत्रणपद्धतीचे 512 चॅनेल जातात, लॅपटॉपवर बोट फिरवलं की लाल, हिरवा, निळा मिसळून 1 कोटी 67 लाख रंग होतात. नवी पोरं ते सगळे पहिल्याच प्रवेशात वापरतात. जुना लाइटवाला मागे उभा राहून कपाळाला हात लावतो. आपण चार रंगांत खून, भूत आणि रात्र उरकली होती हे तो सोयीने विसरतो.

यातले थोडे पुढे जातात. कुणी व्यावसायिक नाटकाच्या गाडीतून गावोगाव फिरतो, कुणी इव्हेंटवाल्यांकडे कामाला लागतो, कुणी बँकेत चिकटतो आणि शाखेच्या स्नेहसंमेलनात मॅनेजरांना अर्धं अंधारात ठेवतो. प्रकाशयोजनेचं बक्षीस मिळालं तर प्रमाणपत्र घरी येतं. मानधनाचं पाकीट मात्र बहुतेक वेळा 'पुढच्या प्रयोगाला बघू' या सदरात राहतं, कारण सगळ्यांचा खर्च भागल्यावर संस्थेला लाइटची आठवण येते.

तेव्हा तुमच्या घरात असं एखादं पोरगं संध्याकाळी टेस्टर घेऊन बाहेर पडू लागलं असेल, तर त्याला अडवू नका. रबरी तळव्याच्या चपला घेऊन द्या, आणि मानधन किती ते पडदा उघडायच्या आधी ठरवून घ्यायला सांगा.