वसुंधरा वाचवण्याची सोपी पद्धत (चार माणसांसाठी)

पृथ्वी वाचवायला निघालेल्या कुटुंबाने आधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी: ती नेमकी कोण वाचवणार? हे ठरले नाही तर पुढे घोळ होतो. अनुभवी घरांत साधारण अशी वाटणी असते. निर्णय वडिलांनी घ्यायचा, फोटो मुलीने काढायचा, अंमलबजावणी आईने करायची आणि जे उरेल ते कामवाल्या मावशींनी बघायचे. मुलगा दहावीला असेल तर त्याला वगळावे. पृथ्वी थांबू शकते, बोर्डाची परीक्षा थांबत नाही.

कामाचा मुहूर्त पिशवीपासून करावा, कारण पिशवी शेजाऱ्यांना दिसते. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार आणि तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड, शिवाय तीन महिने कैद. त्या पहिल्या आठवड्यात मटणाच्या दुकानासमोर स्टीलचा डबा घेऊन उभे राहिलेले लोक ती आठवण आजही चले जाव चळवळीतल्यासारखी सांगतात. पुढे भाजीवाल्याने हातगाडीखालून हळूच पातळ पिशवी काढली आणि चळवळ संपली.

तरीही कापडी पिशव्या भरपूर जमवाव्यात. विकत घ्याव्या लागत नाहीत. लग्नात मिळतात, हळदीकुंकवाच्या वाणात येतात, साडीच्या दुकानातून येतात, इच्छुक उमेदवाराच्या वाढदिवसाला त्याच्या फोटोसकट घरपोच होतात. (यांतल्या बऱ्याचशा कापडी नसून कापडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्याच असतात. इस्त्री फिरवली की कळते.) इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०११ साली एक हिशेब मांडला होता. एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी तापमानवाढीच्या बाबतीत बरोबरी करायची तर सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. दर रविवारी मंडईत नेली तर अडीच वर्षे झाली. घरात अशा चाळीस पिशव्या असतील आणि एका वेळी एकच न्यायची असेल, तर हे व्रत शंभर वर्षांचे आहे. मृत्युपत्रात तशी तरतूद करावी. सर्व पिशव्या एका मोठ्या पिशवीत कोंबून ती स्वयंपाकघराच्या दारामागे अडकवावी आणि बाजारात मोकळ्या हातांनी जावे. दुकानदार दहा रुपयांत एक्केचाळिसावी देतो.

विजेची बचत घरातल्या सर्वांत लहान उपकरणापासून सुरू करावी. पॅसेजमधला ९ वॉटचा एलईडी दिवा कोणी चालू ठेवला की कर्त्या माणसाने सोफ्यावरूनच आवाज चढवावा. हा दिवा एक युनिट वीज संपवायला सुमारे १११ तास घेतो, म्हणजे रागवायला साडेचार दिवस हाताशी असतात. २००० वॉटचा गिझर तेच युनिट अर्ध्या तासात उडवतो, पण त्या वेळी रागावणारा स्वतःच आंघोळीला बसलेला असतो. एसीच्या बाबतीत सरकारने आपले काम हलके केले आहे. १ जानेवारी २०२० पासून स्टार असलेले घरगुती एसी मुळातच २४ अंशांवर लावलेले असावेत, असा नियम आहे. पर्यावरणाची बाजू कंपनीने सांभाळली, असे समजून रिमोट घ्यावा आणि आकडा १८ वर आणावा. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. हा हिशेब उलट्या दिशेनेही चालतो, पण तो तसा कुणी करायला बसत नाही. फार गार वाटले तर एसी बंद करू नये, गोधडी घ्यावी. गोधडी जुन्या साड्यांची असेल तर तो पुनर्वापर धरला जातो.

गोधडीवरून आठवले. घरात आजी असेल तर तिच्यावर लक्ष ठेवावे. ती दुधाच्या पिशव्या विसळून ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवते, वाळल्या की घडी घालून ठेवते आणि रद्दीवाल्याला किलोवर विकते. तांदळाचे धुवण तुळशीला घालते. शर्ट फाटला की आधी बटणे कापून डबीत टाकते आणि मग त्याची फडकी करते. पाहुण्यांसमोर हे बरे दिसत नाही. तिला प्रेमाने समजवावे, ती बाहेर गेली की पिशव्या टाकून द्याव्यात आणि तिच्यासाठी बांबूचा टूथब्रश ऑनलाइन मागवावा. तो छोट्या खोक्यात, खोके फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकमध्ये आणि ते सगळे मिळून आणखी मोठ्या खोक्यात येते. आजीला कवळी असल्यास ब्रश नातवाला द्यावा. खोके मात्र ती ठेवून घेईल, त्याला इलाज नाही.

राहता राहिला कचरा. २०१६ च्या नियमांनी तो घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक असा वेगळा करायला सांगितले. त्यासाठी एक हिरवी आणि एक निळी बादली आणावी. केळीच्या सालीवर मतभेद होत नाहीत, वाद पेटतो तो पिझ्झाच्या तेलकट खोक्यावर. निकाल लागेपर्यंत खोके ज्याच्या हातात असेल त्याने जवळच्या बादलीत टाकावे. सकाळी मावशी दोन्ही बादल्या एकाच काळ्या पिशवीत ओततात. त्यांना कोणी काही सांगितलेले नसते, कारण ठराव व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजीत झाला होता.

पुण्यात राहत असाल तर याचीही चिंता नको. तिथे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. ताई ढकलगाडी घेऊन येतात, जिन्याखाली आपली काळी पिशवी उघडतात आणि हाताने निवडायला बसतात. आमटीत भिजलेले खोके एकीकडे, बाटली दुसरीकडे, डायपर तिसरीकडे. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्या, एवढेच त्यांचे वर्षानुवर्षांचे मागणे आहे. ठिपका दिसला की पुडके उघडावे लागत नाही. घरात लाल पेन सापडत नसल्यामुळे पुष्कळ कुटुंबांना हे जमत नाही.

निवडून झाले की गाडी पुढे जाते आणि कुटुंब पर्यावरणस्नेही होते. याचे महिन्याला थोडे शुल्क पडते, एका पिझ्झाहून कमीच. ते मागायला ताई आल्या की आधी 'आम्ही महापालिकेचा कर भरतो, मग हे कशाचे?' असे विचारावे. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले तर सुट्टे नाहीत म्हणावे, तीन महिन्यांचे एकदम घेऊन जा म्हणावे, आणि तिसऱ्या महिन्यात निसर्गाच्या सान्निध्यात चार दिवस महाबळेश्वरला जावे.