फुजीकाका

टोकियोच्या निशी-कासाईत मराठी मंडळी बरीच. त्यांच्यात यांना सगळे फुजीकाका म्हणतात. नवख्याला वाटतं, गृहस्थ फुजी पर्वत चढून आले असणार. छे! काकांचे गुडघे स्टेशनच्या जिन्यावरच कुरकुरतात. त्यांचा फुजी म्हणजे ‘अ‍ॅसिड माउंट फुजी’, सुसुमु योकोता या जपानी संगीतकाराचा १९९४ सालचा अल्बम. जगाने या अल्बमवर घोर अन्याय केला आणि आपण त्याचे वकील आहोत, असं काकांचं ठाम मत. वकीलपत्र कोणी दिलं, ते विचारू नये.

अन्यायाची कैफियत तोंडपाठ. आदल्याच वर्षी योकोताचा एक अल्बम फ्रँकफर्टच्या ‘हार्टहाउस’ या लेबलने काढला होता. “म्हणजे जर्मनांना कळलं होतं!” मग ‘सब्लाइम’ या नव्या जपानी लेबलने केन इशीचा अल्बम आणि हा, असे दोन्ही जोडीने बाजारात आणले. नाव झालं इशीचं. पुढे योकोताचंही झालं, पण ते ‘साकुरा’ नावाच्या संथ, शांत अल्बममुळे. काका ‘साकुरा’ हा शब्द सवतीच्या नावासारखा उच्चारतात. वसंतात अख्खं टोकियो साकुरा-साकुरा करत बागांत सतरंज्या अंथरतं, तेव्हा काका घरात असतात.

२०१५ मध्ये योकोता गेला. पुढच्या वर्षी ‘अ‍ॅसिड माउंट फुजी’ विनाइलवर पुन्हा निघाला. “आत्ता जाग आली!” म्हणून काका चरफडले आणि त्यांनी तो घेतला. घरात रेकॉर्ड प्लेअर नाही. पण मुद्दा तो नव्हे.

काकांकडे चहाला जाणं टळत नाही. चहा संपला की हात धुऊन यायचं, मग सीडी बघायला मिळते. हातात नाही, नुसती बघायला. डब्याच्या कडेला कागदाची उभी पट्टी असते, तिला जपानीत ‘ओबी’ म्हणतात. जुन्या बाजारात ओबी शाबूत असली की भाव चढतो. काकांची शाबूत आहे. म्हणून सीडी कपाटात परत जाते आणि गाणं लागतं फोनवरून.

पहिलं गाणं ‘झेनमाई’. रानातल्यासारखे आवाज, खालून ठेका, मध्येच एक गुरगुर वळवळत वर येते. आपली मान हलू लागते न लागते, तोच काकांचं बोट पॉजवर. “ही गुरगुर ओळखलीत? टीबी-३०३!” मग रोलंड कंपनीने हे यंत्र बास गिटारला पर्याय म्हणून कसं काढलं, कसं आपटलं, १९८४ च्या सुमारास कसं बंद झालं, आणि शिकागोच्या पोरांनी सेकंडहँड घेऊन त्याची बटणं वाटेल तशी पिरगळली तेव्हा अ‍ॅसिड नावाचं संगीत कसं जन्मलं, हे सगळं येतं. गाणं पुन्हा सुरू. वीस सेकंद. पुन्हा पॉज. अल्बममध्ये अकरा गाणी आहेत म्हणे. निशी-कासाईत परवापर्यंत तिसऱ्याच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. जगाचं ठाऊक नाही, पण आमच्या वस्तीत या अल्बमच्या उपेक्षेला कारण एकच आहे आणि ते चहा चांगला करतं.

कोणी बोलायला जावं, “असलं ट्रान्स आम्ही गोव्यात ऐकलंय, हणजूणला,” तर काका डोळे मिटून घेतात. एकदा एका पुणेकराने चरणजित सिंगांचं नाव काढलं. हिंदी सिनेमाचे वादक, १९८२ साली याच ३०३ च्या साथीने त्यांनी दहा राग वाजवले. विचारलं कोणी नाही. खटला काकांच्याहून भक्कम! काका घटकाभर गप्प. मग म्हणाले, “त्यांना आता सगळे ओळखतात,” आणि पुणेकराला दुसऱ्यांदा चहा विचारला नाही.

परवा शेजाऱ्यांच्या आई सांगलीहून आल्या होत्या. मटार सोलत ऐकत बसल्या. पहिला पॉज सोसला, दुसरा सोसला. तिसऱ्याला ताट बाजूला सारून म्हणाल्या, “अहो, गाणं तरी ऐकू द्या की!”

काका बसले. बोट मांडीखाली. चौथं गाणं लागलं, पाचवं लागलं, काकांचा चेहरा लालबुंद. मटार संपले आणि आजी म्हणाल्या, “बरं आहे हो. चांगलं आहे.”

“नाही नाही,” काका म्हणाले, “तुम्हाला कळलेलं नाही. पहिल्यापासून लावतो.”