धोकादायक झाडाचा अर्ज कसा करावा : सोसायटी सचिवांसाठी

गावी बांधावरचा साग किंवा फणस तोडायचा तर १९६४ चा कायदा आडवा येतो. मुलुंडात सोसायटीच्या आवारातल्या गुलमोहराला हात लावायचा तर १९७५ चा. ‘झाड आपलं, जागा आपली, विचारायचं कोणाला?’ असं म्हणणाऱ्या सभासदाला आधी चहा पाजून गप्प करावे. या कायद्याच्या लेखी तोडणे म्हणजे नुसती बुंध्यावर कुऱ्हाड नव्हे. जाळणे, कुठलीही इजा करणे हेही त्यातच येते. तेव्हा रविवारी दुपारी वॉचमनच्या हाती कोयता देऊन काम उरकण्याचा बेत रद्द समजावा.

अर्ज महापालिकेच्या विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्याकडे जातो : मुलुंडकरांनी टी विभाग, घाटकोपरकरांनी एन, बोरिवलीकरांनी आर मध्य गाठावा. अर्जात कारण लिहावे लागते. खरे कारण चुकूनही लिहू नये. बी विंगच्या नव्या गाडीवर कावळे रोज सकाळी हजेरी लावतात, जांभळे पडून फरशीवर डाग पडतात, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना समोरचे गार्डन दिसत नाही (ते गार्डन म्हणजेही झाडेच, पण तो मुद्दा सभेत काढू नये) ही सगळी कारणे एका शब्दात मावतात : ‘धोकादायक’. सोबत फोटो जोडावा. झाड वाकलेले दिसले पाहिजे. त्यासाठी फोटो काढणारा वाकला तरी हरकत नाही.

आता वय. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नाशी गाठलेले झाड वारसा वृक्ष ठरते, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी रोपे लावून सात वर्षे जगवायची असतात. हे समजताच विवाहमंडळातल्या उपवरांसारखे झाडाचे वय झपाट्याने उतरते. ‘बिल्डिंगच्या आधीपासून आहे हो हे’ असे कौतुकाने सांगणारे आजोबा पाहणीच्या दिवशी मुलीकडे डोंबिवलीला असतील, याची काळजी सचिवांनी घ्यावी. साठ वर्षांच्या झाडामागे साठ रोपांना जागा हवी, आणि आपल्याकडे दोन स्कूटरमध्ये तुळशीची कुंडी ठेवायलाही जागा नाही.

मग नोटीस. ती वर्तमानपत्रात येते, झाडावरही चिकटवतात. हरकतीसाठी सात दिवस. सभेत ‘एकमताने मंजूर’ म्हणून हात वर करणाऱ्यांतलेच तिघे हरकत घेतात. त्यातल्या एकाने आयुष्यात झाडाला तांब्याभर पाणी घातलेले नसते, पण त्याची मुलगी पर्यावरणाचा प्रोजेक्ट करत असते.

धीर सुटू लागला तर आरे आठवावे. २०१९ साली मेट्रोच्या कारशेडसाठी वृक्ष प्राधिकरणाने २,१८५ झाडे तोडायला आणि ४६१ हलवायला मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवले, तोवर २,१४१ झाडे आडवी. पुढे त्याच न्यायालयाने ८४ झाडांसाठी अर्ज करायची मुभा दिली, तर मंजुरी आणली १७७ ची. २०२३ मध्ये त्याबद्दल मेट्रो कंपनीला १० लाखांचा दंड झाला. १७७ झाडे तोडायची परवानगी मात्र मिळाली. सचिवांनी हा मार्ग धरू नये. सिंकिंग फंडात तेवढे पैसे नसतात, आणि रात्री करवत चालवली तर ए विंग पोलिसांना फोन करते.

त्यापेक्षा अर्जाची पोचपावती फाइलला लावून पावसाची वाट बघावी. जूनच्या पहिल्या वादळात त्या झाडाची फांदी बहुधा आपणहून उतरते, तीही नेमकी त्याच गाडीवर. मग महापालिकेचा १९१६ नंबर लावावा. महिनोन्‌महिने हलले नाही ते काम करवतवाली माणसे तासाभरात करून जातात. वय, ठराव, हरकत कोणी विचारत नाही. गेट मोकळे होते. ओंडके न्यायचे कोणी आणि गाडीची काच भरून द्यायची कोणी, यासाठी मात्र विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. तिची नोटीस झाडावर लावू नये.