सपत्नीक, सश्वान

निवृत्तीचे पैसे हाती आले की पूर्वी माणसं चारधामची तिकिटं काढत. आता गाडी काढतात, आणि मागच्या सीटवर तिसरा यात्रेकरू असतो: लॅब्राडॉर. रेल्वेने न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कुपे घ्या, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यात सोडा. मुलांनाही कधी मिळाला नाही असा कुपे कुत्र्याला कसा द्यायचा? म्हणून गाडी.

वडनेर भोलजीवरून जाणारा महामार्ग 53, जुन्या ड्रायव्हरांचा सहा नंबर, अशा मंडळींना सोयीचा. ढाब्यावर काकू बजावतात, ‘‘याला दहीभात, मीठ नको, तिखट नको.’’ शेजारी शुगरवाले काका दुसरी जिलेबी उचलतात. त्यांच्या पथ्याची चौकशी कोणी करत नाही.

पुढे नांदुऱ्याचा 105 फुटी हनुमान. तिघांची सेल्फी होते. कुत्रा बघतो पलीकडच्या बकरीकडे. याच महामार्गावर अकोला-अमरावती पट्ट्यात 2022 साली डांबराची 75 किलोमीटरची लेन 105 तास 33 मिनिटांत अंथरली गेली. गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता पाच दिवसांत होतो. कुत्र्यासह खोली मात्र पाच फोनांतही होत नाही.

शेगावला दर्शन पाळीपाळीने. एक जण रांगेत, दुसरा गाडीत एसी लावून कुत्र्यापाशी.

युधिष्ठिर स्वर्गाच्या दारात कुत्र्यासाठी अडून बसला होता, आणि तो कुत्रा साक्षात धर्म निघाला. हा दाखला काका लॉजच्या काउंटरवर देऊन बघतात. मॅनेजर आधार कार्ड मागतो. दोघांचंच.