किती संघ होते?

घरातलं मूल खेळात जरा चमकलं की घरात एक समिती बसते. तिला अध्यक्ष नसतो, कारण सगळेच अध्यक्ष असतात. आमची समिती पुतणीच्या हॉकीपायी बसली. ग्वाल्हेरात दर्पण कॉलनीच्या मिनी स्टेडियमवर हॉकीचं फीडर सेंटर चालतं, तिथे तिला घालावं की नाही, एवढाच विषय. फीडर सेंटर ही खालची पायरी. वरची पायरी गावातल्याच कंपू भागात : राज्याची महिला हॉकी अकादमी, २००६ पासूनची. मुलगी अजून पहिल्या पायरीशी बूट बांधत होती, समिती मात्र ऑलिंपिकला पोचली होती.

अशा वेळी जो तो आपली काळजी प्रश्न म्हणून विचारतो. दादाचा प्रश्न, "पुढे रेल्वेत लागते का?" वहिनीचा, "आणि दहावीचं काय?" काकांचा खेळाशी संबंध कॅरमपुरता, म्हणून त्यांचा प्रश्न सर्वांत ठाम : "कप किती जिंकलेत?" आई काहीच विचारत नाही. मैदान पाहायला गेलो की ती थेट मुलींच्या बाथरूमकडे जाते आणि दाराला आतून कडी आहे ना, ती नीट लागते ना, हे पाहून येते. सगळ्या समितीत शास्त्रीय म्हणावी अशी तपासणी ती एकच.

पण काकांचा मुद्दा सोपा नाही. ग्वाल्हेरात राहून कप मोजणाऱ्याने रूपसिंगांना विसरू नये. ध्यानचंदांचे हे धाकटे भाऊ शिंद्यांच्या नोकरीत इथे आले आणि इथलेच झाले. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४–१ असं हरवलं, त्यातले १० गोल एकट्या रूपसिंगांचे. हे आपल्याला पाठ असतं. त्या अमेरिकेचं पुढे काय झालं, हे कोणी विचारत नाही. तिला जपाननेही ९–२ असं हरवलं होतं, आणि तरीही तिला कांस्यपदक मिळालं. स्पर्धेत संघच तीन होते! दोन सामने, दोन पराभव, एक पदक. ते पदक कपाटात मांडलेलं काकांनी पाहिलं असतं, तर पुतणीचं नाव त्यांनी तिथल्या तिथे घातलं असतं. म्हणून कपाटासमोर उभं राहिल्यावर कप किती हे विचारू नये, संघ किती होते हे विचारावं.

पाटीवरूनही ठरवू नये. रूपसिंगांच्या नावाचं स्टेडियम गावात आहे, आणि ते जगाला ठाऊक आहे ते २४ फेब्रुवारी २०१० ला सचिनने तिथे केलेल्या नाबाद २०० धावांमुळे. हॉकीवाल्याचं नाव, क्रिकेटचा पराक्रम. सुदैवाने त्या दिवशी कोणी तिथे मुलीला हॉकीत घालायला गेलं नसेल.

अशीच समिती अमेरिकेतही बसते, आणि गाडी काढून कॉलेजं पाहत हिंडते. मुलगा बेसबॉल खेळत असतो. तिथल्या कॉलेज-खेळांच्या वरच्या विभागात अलीकडेपर्यंत एका संघाला ११.७ शिष्यवृत्त्या वाटायची मुभा होती, आणि त्या २७ जणांपर्यंत तुकडे करून वाटायच्या. आपल्याला अर्धं तिकीट माहीत आहे. सात दशांश शिष्यवृत्ती कोणत्या आईबापांनी कोणत्या तोंडाने नातेवाइकांना सांगितली असेल? तिसऱ्या विभागातली छोटी कॉलेजं तर खेळासाठी दमडी देत नाहीत. तरी शहाणी घरं तिथेही जातात. मोठ्या संघात ट्रॅकसूट मिळतो, छोट्या संघात खेळायला मिळतं, हा हिशेब त्यांनी केलेला असतो. पहिल्या वर्षी किती मुलं आली आणि चौथ्या वर्षी त्यातली किती उरली, असं ते विचारतात. या एका आकड्यात प्रशिक्षकाचा स्वभाव, कॉलेजची नियत आणि जेवणाची चव, सगळं येतं.

आमच्या समितीलाही मी हेच सुचवलं. बाराव्या वर्षी आलेल्या मुलींपैकी सोळाव्या वर्षी किती जणी टिकतात, ते पाहा. सामना असला तर गोल करणारीकडे पाहू नका, चौदाव्या मुलीकडे पाहा. हॉकीत अकरा जणी मैदानात असतात, पण बदली कितीही वेळा करता येते. तेव्हा चौदावी तासभर बाटल्या सांभाळत बसली असेल, तर तो नियमाचा दोष नव्हे. आणि ती चूक करून बाहेर आल्यावर तिच्याशी सर काय बोलतात, ते जमलं तर कान देऊन ऐका. आपली मुलगी निदान पहिली दोन वर्षं चौदावीच असणार आहे. हे ऐकून दादा दुखावला. त्याच्या मते ती सेंटर फॉरवर्ड होती.

त्याच्या नोकरीच्या प्रश्नाला मात्र गावातच एक उत्तर आहे. १८५७ च्या शताब्दीला, १९५७ मध्ये, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने इथे शारीरिक शिक्षणाचं कॉलेज निघालं. आज ती विद्यापीठाच्या दर्जाची संस्था आहे. भारताची जर्सी मिळाली नाही तरी शिट्टी गळ्यात घालून दुसऱ्यांच्या मुलींना पळवण्याचा मार्ग उघडा राहतो. दादाने "हूं" म्हटलं. आमच्या घरात हा ठराव मंजूर झाल्याचा आवाज.

एवढं मोजमाप चालू असताना समोरचे सरही आपल्याला मोजत असतात, हे कुठल्याच समितीच्या लक्षात येत नाही. जाळीबाहेरून ओरडून सूचना कोण देणार, पहिल्याच आठवड्यात "हमारी बच्ची को आगे खिलाइए" कोण म्हणणार, हे त्यांना चेहऱ्यावरून कळतं. आमचं सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सुबह छोड़ने कौन आएगा? रोज़?"

ग्वाल्हेरची जानेवारीतली पहाट, हाताला हात न दिसणारं धुकं. काकांनी दादाकडे पाहिलं, दादाने माझ्याकडे, आणि मी मैदान किती छान राखलंय ते पाहू लागलो. शेवटी आई म्हणाली, "मी येईन की. फक्त मला कोण आणून सोडणार, तेवढं ठरवा."