भावी डॉक्टर

ज्याचे नाव आस्थापनेच्या कोणत्याही तक्त्यात नाही, ज्याला दरमहा वेतन नाही, हक्काची रजा नाही आणि म्हणूनच बदलीचे भयही नाही, असा एक तरी गृहस्थ प्रत्येक मोठ्या सरकारी इस्पितळात हटकून आढळतो. सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे सोलापूरकरांच्या ‘सिव्हिल’मध्ये, या जातीचा जो नमुना सकाळी आठाच्या सुमारास केसपेपरच्या खिडकीजवळ दृष्टीस पडतो, तो वयाने पंचेचाळिशी ओलांडलेला, अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा घातलेला आणि काखेत जीवशास्त्राचे जाडजूड पुस्तक मारलेला असतो. वॉर्डातल्या मावश्या त्याला ‘काका’ म्हणतात, खेड्यातून आलेले रुग्ण ‘डॉक्टर’ म्हणतात, आणि तो स्वतः आपली ओळख ‘सध्या तयारी चालू आहे’ एवढ्यावर आटोपतो. मी आपला त्यांना भावी डॉक्टर म्हणतो आणि आदरार्थी बहुवचन वापरतो; कारण विद्यार्थिदशेत शिरण्यासाठी नोकरीतली बढती नाकारणाऱ्या माणसाला एकवचनी संबोधणे मला प्रशस्त वाटत नाही.

त्यांची बारावी झाली तेव्हा सीईटी अवतरली नव्हती. बोर्डाच्या परीक्षेतील भौतिक, रसायन आणि जीव या तीन शास्त्रांच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेशाचा निवाडा होई, आणि तो निवाडा भावी डॉक्टरांविरुद्ध अगदी थोडक्या गुणांनी लागला. किती थोडक्या, हे त्यांच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर अवलंबून असते. एरवी हा फरक तीन गुणांचा असतो, निकालाच्या दिवसांत तो अर्ध्या गुणावर येतो. पुढे रसायनशास्त्राची बी.एस्सी., काही काळ औषध कंपनीची बॅग आणि अखेर एका सहकारी पतसंस्थेत वसुली कारकुनी, असा प्रवास करता करता विवाह, कन्या आणि गृहकर्ज ही सर्व कर्मे त्यांनी यथाविधी पार पाडली. पण मनातले ते जुने प्रकरण काही त्यांनी दप्तरदाखल केले नाही. तशात ‘नीट’ला खुल्या वर्गासाठी पंचवीस आणि राखीव वर्गासाठी तीस वर्षांची वयोमर्यादा घातली गेली, तेव्हा सरकारने हा नियम केवळ आपणास उद्देशून केला असावा अशी त्यांची खात्री झाली. तो कज्जा कोर्टात गेला, आणि मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कमाल वयाची अट काढून टाकल्याचे जाहीर केले. त्या बातमीचे कात्रण भावी डॉक्टरांनी लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी लावले आहे. त्याच्याच खाली दुसरे कात्रण आहे, ते ओडिशातील एका निवृत्त बँक अधिकाऱ्याचे. या सद्गृहस्थांनी २०२० साली वयाच्या चौसष्टाव्या वर्षी नीट उत्तीर्ण होऊन बुर्ल्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात खरोखरच प्रवेश घेतला. सौभाग्यवती रोज संध्याकाळी दिवा लावताना ही दोन्ही कात्रणे बाजूला सरकवतात. “साडेचार वर्षं कॉलेज, वर वर्षभराची इंटर्नशिप,” त्या शांतपणे हिशेब मांडतात, “म्हणजे तुम्ही डॉक्टर व्हाल तोवर तुम्हालाच डॉक्टर लागेल.” या युक्तिवादाला भावी डॉक्टरांपाशी उत्तर नाही, म्हणून ते पुस्तक उघडतात.

इस्पितळात ते सेवेला लागले ते मात्र एका गैरसमजापोटी. अमेरिकेत असलेल्या भाच्याने दूरध्वनीवर सांगितले की, तिकडे वैद्यकीय महाविद्यालयात अर्ज करणाऱ्याने रुग्णालयात किती तास सेवा केली याची विचारपूस होते आणि पंचविशी-तिशीतली माणसेही बिनदिक्कत पहिल्या वर्षाला बसतात. भावी डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी नव्या पेठेतून एक लांबोडकी खतावणी आणली आणि तारीख, आगमन, निर्गमन, सेवेचा तपशील व शेरा असे पाच रकाने आखून तीत प्रत्येक तास जमा करण्यास प्रारंभ केला. महिनाअखेरीस ते बेरीज मारतात, ती पुढील पानावर ओढतात, आणि कुणी सिस्टर मोकळ्या सापडल्या तर त्यांची सही घेतात. आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर ठरतो, सातशेवीसपैकी किती एवढाच प्रश्न असतो, आणि ही खतावणी रुजू करून घेईल असे एकही दप्तर या राज्यात अस्तित्वात नाही, ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली नाही असे नव्हे. समाजसेवा अधीक्षकांनी सांगितली, कन्येने सांगितली, मीही एकदा आडवळणाने सूचित केली. त्यावर त्यांनी, “नियम बदलतात. बाविसाली बदललाच की!” असे म्हणून आमच्या भेटीची दहा मिनिटे ‘मार्गदर्शन’ या सदरात नोंदवली.

वसुली कारकुनीत जे गुण त्यांच्या अंगी मुरले, ते या सेवेत विलक्षण उपयोगी पडतात. बंद खिडकीसमोर अपमान न मानता उभे राहणे, समोरच्याने ‘उद्या या’ म्हटले तरी आजच बसून राहणे, आणि कागदाचा कोणता तुकडा कुणापुढे सरकवला असता काम हलते याचे तारतम्य, या तीन विद्या कोणत्याही वैद्यकीय अभ्यासक्रमात शिकवल्या जात नाहीत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी शिधापत्रिकेची प्रत हवी, ती आणायला नातेवाईक झेरॉक्सच्या दुकानाकडे धावतो आणि परत येईपर्यंत त्याचा रुग्ण दुसऱ्या मजल्यावर गेलेला असतो. अशा हवालदिल माणसाला भावी डॉक्टर शबनम पिशवीतून टाचणी, डिंक, बॉलपेन आणि ग्लुकोजची दोन बिस्किटे काढून देतात, आरोग्यमित्रासमोर उभे करतात आणि अर्ज पुरा होईपर्यंत त्याच्या पाठीवरचा हात काढीत नाहीत. औषध मात्र ते कुणालाही सुचवत नाहीत. या बाबतीत ते कमालीचे काटेकोर आहेत. स्टेथोस्कोप त्यांनी घेऊन ठेवला आहे, पण तो घरी कपाटात असतो आणि दसऱ्याला फक्त पूजेसाठी बाहेर निघतो.

त्यांची खरी मातब्बरी भाषेत आहे. पूर्व भागात विडी वळणारी पद्मशाली म्हातारी पोट धरून ‘कडुपु’ म्हणते, इंडीकडून आलेला शेतकरी तेच पोट धरून ‘होट्टे’ म्हणतो, तिसरा कुणी खास सोलापुरी दखनीत आपली कैफियत मांडतो, आणि नुकताच विदर्भातून येऊन रुजू झालेला, आदल्या रात्रीपासून डोळ्याला डोळा न लागलेला निवासी डॉक्टर तिघांकडे सारख्याच निष्पक्षपाती दृष्टीने पाहत राहतो. अशा समयी भावी डॉक्टर पुढे होतात. त्यांच्या भाषांतरात मूळ मजकुरापेक्षा भर थोडी अधिक असते, हे मान्य केले पाहिजे. म्हातारी चार शब्द बोलते आणि त्यांतून ते पित्ताशय, यकृत, सुनेशी असलेले संबंध आणि संभाव्य निदान इतके सर्व निष्पन्न करतात. निवासी डॉक्टर त्यातला पाऊण भाग गाळतो आणि उरलेल्या पावावर त्याचे काम भागते.

या मुलांशी त्यांचे नाते मोठे मौजेचे आहे. मुलगा तेविशीचा, परीक्षा पास झालेला, आणि काका सत्तेचाळीसचे, उमेदवार. तरी फावला वेळ मिळाला की काकाच त्याची तोंडी परीक्षा घेतात. नीटच्या एकशेऐंशी प्रश्नांपैकी नव्वद जीवशास्त्राचे आणि त्यांतले निम्मे वनस्पतींचे, त्यामुळे सपुष्प वनस्पतींतील दुहेरी फलन काकांना मुखोद्गत असते आणि डॉक्टरला काही केल्या आठवत नाही. “विसरलात ना? मग तुम्हाला घेतलं कसं?” असे काका विचारतात, आणि त्या थकलेल्या पोराला रात्रीनंतर पहिल्यांदा हसू फुटते.

भौतिकशास्त्रापुढे मात्र त्यांचे काही चालत नाही. रुग्णाची ट्रॉली रॅम्पवरून वर ढकलण्यात आवारात त्यांचा हात धरणारा नाही. कुठे जोर लावावा, कुठे सोडावा, वळणावर चाक कसे अडवावे, हे सर्व त्यांच्या खांद्यांना अवगत आहे. पण उतरणीवर ठेवलेल्या ठोकळ्याचे त्वरण काढा, असा प्रश्न कागदावर आला की ठोकळा घसरतो तो थेट ऋण गुणांत. बरोबर उत्तराला चार आणि चुकीला उणा एक, या न्यायाने त्यांनी आजवर जीवशास्त्रात कमावलेले भौतिकात उधळले आहे. कन्या यंदा बारावीला आहे; एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून दोघे अभ्यास करतात, आणि ती पेन्सिलीचे मागचे टोक त्यांच्या वहीवर आपटून म्हणते, “बाबा, अंदाजपंचे खुणा करू नका. येत नसेल तर सोडा.” सोडणे हे त्यांच्या स्वभावातच नाही, हीच सगळी अडचण आहे.

भैय्या चौकावरून जाताना डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकापाशी ते क्षणभर सायकल थांबवतात. सोलापुरात १९१० साली जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये युद्धग्रस्त चीनमध्ये सेवेला गेले आणि १९४२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच निवर्तले. “त्यांनी जन्माचं काम ज्या वयात संपवलं, त्या वयात मी थकबाकीदारांना नोटिसा वाटीत होतो,” असे भावी डॉक्टर मला एकदा म्हणाले. त्यांच्या तोंडून विनोद नसलेले मी ऐकलेले एवढे एकच वाक्य. लगेच त्यांनी पुढे पुस्ती जोडली, की कोटणीसांनाही भौतिकशास्त्र जड गेले असल्यास नवल नाही.

परीक्षा मे महिन्यात, दुपारी दोनला, म्हणजे सोलापुरात सावलीसुद्धा सावली शोधते त्या वेळी. नियमाप्रमाणे पायात चपला, हातात पारदर्शक बाटली आणि प्रवेशपत्र अशा थाटात भावी डॉक्टर फाटकाशी जातात, आणि दरवर्षी पहारेकरी अत्यंत अदबीने त्यांना म्हणतो, “पालकांनी बाहेर थांबायचंय, साहेब.” ते प्रवेशपत्र दाखवतात, तो छायाचित्राकडे पाहतो, त्यांच्याकडे पाहतो, पुन्हा जन्मतारखेकडे पाहतो आणि बाजूला होतो. यंदा कन्याही बरोबर असणार, म्हणजे पहारेकऱ्याचा गोंधळ पुरता होणार.

ते उत्तीर्ण व्हावेत की नाही याविषयी माझे मत विचाराल, तर ते जरा स्वार्थी आहे. त्यांना प्रवेश मिळाला तर पहिले वर्ष शरीररचनेच्या दालनात जाईल, आणि केसपेपरच्या खिडकीपाशी तेलुगू, कन्नड व दखनी अशा तिन्ही भाषांत धीर देणारे कुणी उरणार नाही. डॉक्टर १९६३ सालापासून सोलापूरचे वैद्यकीय महाविद्यालय दरवर्षी घडवतेच आहे. असा माणूस घडवण्याची सोय अद्याप कुठे निघालेली नाही.

तेव्हा आपणापैकी कुणावर सिव्हिलची पायरी चढण्याचा प्रसंग आलाच, तर शिधापत्रिकेच्या दोन प्रती आणि आधार कार्ड बरोबर ठेवा, सकाळी लवकर पोहोचा आणि पांढऱ्या सदऱ्यातल्या या गृहस्थांना हुडका. ‘डॉक्टर’ अशी हाक मारलीत तर ते ‘छे छे’ म्हणत दुप्पट वेगाने चालू लागतात. मात्र त्यांना यंदाचे गुण विचारू नका; आणि राहवलेच नाही, तर फक्त जीवशास्त्राचे विचारा.